पाचोळ्यावरचा बुरणूस

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत सोलापुरात दव पडतं. फार नाही, पण गाडीच्या सीटवर बोटानं नाव काढता येईल इतकं. अशा सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान एखाद्या जुन्या वडाच्या किंवा आंब्याच्या घेराच्या कडेला उकिडवं बसावं, उन्हाकडे तोंड करावं आणि पाचोळ्यावरून नजर तिरपी सोडावी. पानापानांमधल्या खळग्यांत, वाळलेल्या चिखलातल्या शेळीच्या खुराच्या ठशात, उघड्या पडलेल्या मुळाच्या बेचक्यात दीड-दोन इंचांचे पांढुरके पापुद्रे ताणलेले दिसतात. दुधावरची साय अलगद उचलून खळग्यावर अंथरावी, तसे. ऊन चढलं की त्याच जागी काही नसतं. म्हणजे असतं सगळं तिथंच, फक्त दिसेनासं होतं.

'घेराच्या कडेला' हे मुद्दाम सांगितलं. झाडाच्या गच्च सावलीत दव जवळजवळ पडत नाही. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते, आणि फांद्यांचं छप्पर नेमकं त्यातच आडवं येतं. उलट मोकळ्या मैदानात दव भरपूर, पण पाचोळा नाही. दोन्ही एकत्र मिळतात ती पट्टी जेमतेम हात-दोन हात रुंद असते. बुंध्यापाशी तासभर बसून 'आमच्याकडं नाहीतच' म्हणत उठणारे बहुतेक जण या पट्टीच्या आत बसलेले असतात.

पापुद्रा म्हणजे जाळं. त्याचा मालक मोहरीच्या दाण्याएवढा, दोन-तीन मिलिमीटरचा. असे पापुद्रे ताणणारे कोळी अनेक आहेत. त्यांतलं एक कुळ हाह्निइडी. ज्या प्रजातीवरून, म्हणजे जवळच्या जातींच्या गटावरून, कुळाला हे नाव मिळालं ती हाह्निआ, तिचं नामकरण १८४१ साली जर्मन अभ्यासक सी. एल. कॉख यांनी केलं. आपल्याकडं लोकांच्या तोंडी याला वेगळं नाव नाही. भिंतीवरचा, गोठ्यातला, पाचोळ्यातला, सगळे नुसते कोळी. त्याच्या शरीराकडे बघून 'फणीशेपट्या' म्हणायला हरकत नसावी.

कारण असं. कोळ्याच्या पोटाच्या टोकाला धागा काढणारी बोंडं असतात. बहुतेकांमध्ये ती तीन जोड्यांची, एका पुंजक्यात जमलेली, बंद होत आलेल्या कमळासारखी. फणीशेपट्याची सहाच्या सहा बोंडं एका आडव्या ओळीत मांडलेली असतात. बाहेरची दोन लांब, आतली आखूड. दहा पट भिंगातून बघितलं तर पोटाच्या शेवटी बारकी फणी खोचल्यासारखी वाटते. ही खूण पक्की. बाकी रंग तपकिरी, पोटावर फिकट बाणासारख्या खुणा, डोळे आठ, दोन ओळींत. यांतलं काहीच ओळखायला पुरेसं नाही, तसे कोळी शंभर सापडतील. फणी मात्र एकाकडेच.

सोलापुरात फणी म्हटलं की माग आठवणारच. ताण्याचे धागे फणीच्या फटींतून ओवलेले असतात, धोटा जाऊन आला की फणी पुढं येऊन बाणा ठोकून बसवते. १८७७ साली इथं पहिली गिरणी उभी राहिली, २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात कोळ्याला 'निसर्गाचा विणकर' म्हणायचा मोह कुणालाही होईल. पण ज्याचं आयुष्य मागावर गेलं त्याला हा पापुद्रा भिंगाखाली दाखवला तर तो पहिल्यांदा विचारेल, याचा ताणा कुठाय? नाहीच. उभा धागा नाही, आडवा नाही, वरून-खालून जाणं नाही. कोळी खळग्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडं जातो, परत येतो, मध्येच वळतो. प्रत्येक फेरीत धागा मागं पडत जातो आणि जिथं दुसऱ्या धाग्याला टेकतो तिथं चिकटतो. शे-दोनशे फेऱ्या अशाच. कुठलीही दिशा धरून नाही. ही चादर नव्हे, बुरणूस. लोकर पसरून, भिजवून, दाबून करतात तो. विणकर म्हणायचंच असेल तर बागेत गोल जाळं करणाऱ्या कोळ्याला म्हणावं, त्याच्याकडं निदान आरे आणि फेरे वेगळे असतात.

बुरणुसाचा फायदा असा की एक कोपरा फाटला तरी बाकीचा उसवत नाही. पाचोळ्यात हे फार महत्त्वाचं. तिथं दर तासाला काहीतरी कोसळतं. एखादं पान सरकतं, मुंगळा आडवा जातो, साळुंकी येऊन पान उलटं करते. मोजून-मापून केलेलं गोल जाळं तिथं दिवसभर टिकणार नाही. फाटलेल्या जागी दहा-वीस फेऱ्या मारून ठिगळ लावता येतं, हीच या कामाची खरी करामत.

धागा किती बारीक? कापसाचा एक तंतू साधारण बारा ते वीस मायक्रोमीटर जाड असतो. मोहरीएवढ्या कोळ्याचा धागा एका मायक्रोमीटरच्या आसपास. तो डोळ्यांना दिसत नाही, दिसतं ते त्यावर बसलेलं पाणी. गोल जाळं करणाऱ्यांच्या धाग्यावर गोंदाचे थेंब असतात, तशा ग्रंथीच फणीशेपट्याच्या कुळाकडं नाहीत. त्याचा पापुद्रा कोरडा. कोरड्या पापुद्र्यात भक्ष्य चिकटत नाही, फक्त त्याचे पाय गुंततात. दोन-चार सेकंद. तेवढ्यात कोळी पोचायला हवा. त्यामुळं तो जाळ्यापासून लांब राहूच शकत नाही. पापुद्र्याच्या काठाला मातीच्या एखाद्या ढेकळाला टेकून, पाय धाग्यावर ठेवून बसलेला असतो. नरसाळ्याच्या आकाराचं जाळं करणाऱ्यांना मागं लपायला बोगदा असतो, याला तो नाही.

भक्ष्य म्हणजे मुख्यतः स्प्रिंगटेल. नाव इंग्रजी, प्राणी अस्सल इथला. कुंडी उचलली की खाली पांढरे ठिपके टणाटण उडतात, तेच. पोटाखाली दुमडलेला एक चिमटा असतो, तो सुटला की जनावर आपल्या लांबीच्या कितीतरी पट उंच उडतं आणि कुठं पडेल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. पापुद्रा खळग्यावर आडवा का, याचं उत्तर इथं मिळतं. येणारा चालत येत नाही, वरून पडतो.

आता पाण्याचं. सोलापुरातल्या कुठल्याही जिवाची गोष्ट शेवटी तिथंच येते. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, दुपारची हवा वाळवणाला लागते तशी खणखणीत. जितका प्राणी लहान तितकं त्याच्या आकारमानाच्या मानानं अंग जास्त उघडं, म्हणून ओल जास्त वेगानं उडते. पापड आधी वाळतो आणि सांडगा मागून, त्यातलीच गोष्ट. दोन मिलिमीटरच्या कोळ्याला एप्रिलच्या दुपारी उघड्या फरशीवर ठेवलं तर उपासमार व्हायची वाट बघावी लागत नाही. त्याची विष्ठासुद्धा जवळजवळ घट्ट पांढरी, ग्वानिनची, त्यात पाणी वाया घालवायचं नाही अशी व्यवस्था आहे. तरी तेवढ्यानं भागत नाही. त्याला बाहेरूनच ओल लागते, आणि ती पाचोळ्याच्या खालच्या थरात असते.

पाचोळा म्हणजे एकच गोष्ट नव्हे. वरचं बोटभर कोरडं, कुरकुरीत, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत पडलेलं. त्याखाली मऊ पडलेली, काळपट, एकमेकांना चिकटलेली पानं, अधूनमधून पांढरी बुरशी. त्याच्या खाली पान ओळखू येत नाही, नुसता चुरा आणि काळी माती. वरचा थर उन्हाचं छप्पर, मधला थर ओलीचं कोठार. स्प्रिंगटेल मधल्या थरातली बुरशी खातात, कोळी त्या थराच्या वरच्या तोंडाशी खळगे धरून बसतात. म्हणून जिथं पापुद्रे दाट, तिथं खाली ओल टिकून आहे असं खुशाल समजावं. काळी माती भेगाळली की बारके प्राणी भेगांत उतरतात, आणि जून-जुलैत पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर पुन्हा वर येतात. मे महिन्यात शोधायला जाणं म्हणजे स्वतःला उन्हात वाळत घालणं.

पान कुठल्या झाडाचं, यावरही पुष्कळ ठरतं. वड, आंबा, फणस, जांभूळ यांची पानं चामड्यासारखी. वाळताना कडेनं वळतात, थरात पोकळ्या राहतात, वर्षभर आकार धरतात. कोळ्याच्या दृष्टीनं ही बांधलेली घरं. पिंपळाचं पान वळतं, पण लवकर जाळी होतं. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम पानं टाकतो, आणि ती चपटी बारकी पानं एकमेकांवर अशी बसतात की दोन पानांत खळगाच राहत नाही. गुलमोहर आणि बाभूळ तर कोंडाच टाकतात, तो फटी बुजवतो. शहरात निंब-गुलमोहर भरपूर आणि वड-आंबे कमी, म्हणून पापुद्रे सगळीकडं दिसत नाहीत. दोन-तीन मोठी वाळकी पानं मुद्दाम निंबाच्या पाचोळ्यात मिसळली तर पोकळी तयार होते. एवढा साधा उपाय आहे.

दव नसेल त्या महिन्यांत पाण्याचा फवारा चालतो. केस कापायच्या दुकानात असते तशी फवाऱ्याची बाटली घ्यावी, तोंड सर्वांत बारीक थेंबावर फिरवावं आणि फवारा पाचोळ्यावर मारू नये, त्याच्या हातभर वर हवेत मारावा. धुकं आपोआप खाली उतरतं. सरळ मारला तर मोठे थेंब पापुद्रा खाली ओढून मातीला चिकटवतात, आणि एकदा चिकटला की तो उठत नाही. दुसरी चूक पिठाची. मोठी जाळी उठून दिसावीत म्हणून मक्याचं पीठ भुरभुरवतात, ते मोठ्या जाळ्याला ठीक. इथं चिमूटभर पीठही जाळ्याला पेलवत नाही, आणि कोळी जागा सोडून जातो. फोटोसाठी मोबाइलला चिमट्याचं भिंग लावलं तरी पुरतं, उजेड मात्र बाजूनं, जमिनीलगत हवा. मोबाइलचा स्वतःचा फ्लॅश समोरून पडला की पांढऱ्यावर पांढरं होऊन सगळं सपाट दिसतं. पापुद्र्यापलीकडे काळा कागद उभा केला तर धागे सुटे दिसू लागतात.

हात घालायच्या आधी एक गोष्ट. सोलापूरच्या पाचोळ्यात लाल विंचू असतो, फुरसं असतं. दोघांचा रंग पाचोळ्याचाच. पायात बूट, हातात फूटभर लांबीचा चिमटा किंवा दोन काड्या, आणि पान उलटायचं ते आपल्याकडं नव्हे तर पलीकडं, म्हणजे खाली काही असलंच तर मध्ये पान राहतं. मोहरीएवढ्या कोळ्याकडून माणसाला काहीच भय नाही. त्याचे दात आपल्या कातडीत शिरत नाहीत.

पावसाळ्याच्या शेवटी माळावर, बांधावर, हिरवळीवर हाताच्या पंजाएवढी पांढरी जाळी दिसतात, एका टोकाला नरसाळ्यासारखं भोक. ती हिप्पासाची. तो लांडगा कोळ्यांच्या कुळातला, पण जाळं धरून राहणारा, आणि फणीशेपट्याच्या कितीतरी पट मोठा. रात्री बॅटरी कपाळाशी धरून बघितलं तर त्याचे डोळे चमकतात, फणीशेपट्याचे असे लकाकत नाहीत. जास्त घोटाळा होतो तो लिनिफिइडी कुळाशी. साडेचार हजारांवर जाती असलेलं प्रचंड कुळ, आकारही तेवढाच, पापुद्राही तसाच. फरक बसण्यात आहे. लिनिफिइड पापुद्र्याच्या खाली उलटा लटकतो, पाठ जमिनीकडं. फणीशेपट्या काठाला. वळलेल्या पानाच्या आत विस्कटलेला गुंता आणि त्यातून खाली ताणलेले सुटे धागे दिसले, तर तो तिसराच, थेरिडिइडी. त्याच्या ताणलेल्या धाग्यांच्या पायथ्याशी गोंद असतो. किडा चिकटला की धागा तुटतो आणि तो वर खेचला जातो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीटांच्या खुरांचे ठसे वाळून तयार झालेल्या वाट्या असल्या कोळ्यांसाठी शोधण्यासारख्या आहेत. तिथं मात्र परवानगी घेऊन जायचं, नुसतं बघायचं, काही उचलायचं नाही. १९७९ पासून ते अभयारण्य आहे आणि वन्यजीव कायदा कोळ्याच्या आकाराकडं बघून सूट देत नाही.

मोजायचं असेल तर नुसत्या डोळ्यांवर भागत नाही, चाळावं लागतं. पंचवीस सेंटिमीटरची चौकट जमिनीवर ठेवून आतला पाचोळा मातीपर्यंत उचलावा. भाजी धुवायची जाळीदार प्लास्टिकची टोपली, भोकं आठ-दहा मिलिमीटरची, हीच चाळण. एका वेळी दोन ओंजळींपेक्षा जास्त घेऊ नये, वीस-तीस सेकंद हलवावं, आणि खाली पडलेला चुरा पांढऱ्या पृष्ठभागावर पातळ पसरावा. इथं सोलापूरकर हमखास टॉवेल पुढं करतो. टॉवेल नको. त्याच्या फासांत कोळ्याच्या नख्या अडकतात, उचलायला गेलं की पाय तुटतो. जुन्या फ्लेक्सची पांढरी गुळगुळीत पाठ उत्तम. वाढदिवस झालेले फ्लेक्स गावात कमी नाहीत. पसरल्यावर दोन मिनिटं हात आवरावा. फणीशेपट्या घाबरला की पाय आखडून मातीच्या कणासारखा पडून राहतो. चुरा लगेच झटकून देणारा अर्धे कोळी झटकून देतो. हलू लागला की शून्य नंबरचा ब्रश पाण्यात बुडवून, निथळून, टोकानं टिपावा. नळीतून तोंडानं ओढायची बाटली वापरणारे असतात, पण तिच्या तोंडाकडच्या नळीला मलमल बांधायची विसरली तर कोळी घशात, आणि बांधली तरी बुरशीची धूळ छातीत जाते. ब्रशच बरा.

नरसाळ्याची रीत जुनी आहे. इटालियन कीटकतज्ज्ञ अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये ती काढली, पुढं टुलग्रेन यांनी तिला दिव्याची जोड दिली. नरसाळ्यात जाळी, जाळीवर पाचोळा, वर दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. वरून थर वाळत येतो, प्राणी ओलीच्या मागं खाली सरकत जातात आणि शेवटी बाटलीत पडतात. वाचायला सोपं. आज अडतं ते दिव्यापाशी. बाजारात मिळतो तो एलईडी, तो पुरेसा तापत नाही. २५ ते ४० वॅटचा तारेचा दिवा शोधावा लागतो. आणि सोलापुरातली मुख्य चूक उलटीच आहे. नरसाळं गच्चीत उन्हात ठेवतात. पाचोळा दोन तासांत कडकडीत होतो, बारके प्राणी खाली उतरायच्या आत जागच्या जागी वाळतात, आणि बाटलीत फक्त मुंग्या. वाळणं सावकाश हवं, सावलीत, तीन ते सात दिवस. थर दोन-तीन इंचांहून जाड नको, पाचोळा नरसाळ्याच्या भिंतीला टेकू नये, नाहीतर भिंतीवर धरलेल्या घामात बारके जीव चिकटून बसतात. वीज नसेल तर पाचोळा जाळीच्या पिशवीत भरून, ती मोठ्या बंद कापडी पिशवीत टांगून दोन-तीन दिवस सावलीत ठेवली तरी काम होतं. जमिनीत ग्लास पुरून मात्र या कोळ्याची मोजणी होत नाही. ग्लासात पडतात ते मादी शोधत फिरणारे नर. मादी आपला खळगा सोडून तिथवर येतच नाही, आणि ग्लास बघणारा म्हणतो, इथं नरच जास्त.

नमुना सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनं लिहिलेली: गाव, जागा, तारीख, कुठल्या झाडाचा पाचोळा, किती खोल. बॉलपेनची शाई महिन्यात उतरते आणि मग बाटलीत फक्त एक तपकिरी ठिपका उरतो, ज्याला गाव नाही की तारीख नाही. जात ठरते ती प्रौढ कोळ्यावरूनच. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शिकांची टोकं फुगलेली असतात आणि त्यांच्या बाजूला आकड्यासारखा काटा असतो, त्याची वळणं बघतात. मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची चकती बघतात. पिल्लू सापडलं तर कुळापर्यंत जाऊन थांबावं. फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये. भारतीय प्राणी सर्वेक्षणातले बी. के. टिकादार यांनी भारतीय कोळ्यांच्या ज्या जाती उजेडात आणल्या, त्या अशाच बाटल्या, चिठ्ठ्या आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या रेखाचित्रांच्या जोरावर. जगातल्या कोळ्यांच्या अधिकृत यादीत एप्रिल २०२२ मध्ये पन्नास हजारावी जात नोंदली गेली.

घरी ठेवून बघायचा असेल तर झाकणाच्या डबीत नऊ भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग कोळशाची पूड पाण्यात कालवून सेंटिमीटरभर थर ओतावा. वाळल्यावर त्यात बोटानं खळगा करता येत नाही, म्हणून ओला असतानाच दोन-तीन दाबून घ्यावेत. प्लास्टर पाणी धरून ठेवतं, काळ्या रंगावर धागे दिसतात. आठवड्यातून दोनदा थेंब-थेंब पाणी, कुंडीखालचे पाच-सहा स्प्रिंगटेल. झाकणाला आतून थेंब धरू लागले की पाणी जास्त झालं, त्या थेंबात कोळी बुडतो. दोन आठवड्यांनी जिथून आणला तिथं परत.

मग झाडू. सोलापुरात अंगण झाडणं ही सकाळची पहिली गोष्ट आणि गोळा झालेला पाचोळा पेटवणं ही दुसरी. जळतो तो वरचा कोरडा थर, पण त्याखालचं ओलीचं कोठारही त्या आचेनं वाळतं, आणि पुन्हा तसं जमायला दोन पावसाळे जातात. सगळं अंगण तसंच ठेवा असं कुणी म्हणत नाही. भिंतीपासून तीन-चार फूट सोडून एखाद्या झाडाखाली एक-दीड मीटरचा तुकडा, दोन-तीन इंच थर, तेवढं पुरे. भिंतीला लावून नको, वाळवी चढते. डासांची भीती सांगतात, ती पाचोळ्याची नसते. बाटलीपामच्या पोयीत नाहीतर सागाच्या वाटीसारख्या पानात पाणी साठतं, त्यात डास होतात, ती उपडी करावीत. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी शिंपडलं तर मधला थर जगतो. नळाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या गावात पाचोळ्याला पाणी घाला म्हणणं धाडसाचं आहे, हे कबूल. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं. भांड्यांचं साबणाचं चालत नाही, कारण साबणानं स्प्रिंगटेलच्या अंगाची पाणी झटकायची ताकद जाते आणि ते बुडतात.

शेतात मात्र एकच नियम लावता येत नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडं डाळिंबाच्या बागेत ताण देऊन पानगळ करतात, तिथं तेल्या आला असेल तर पडलेली पानं आणि फळं वेचून बागेबाहेर नेऊन नष्ट करायलाच हवीत. रोगाचे जीवाणू त्याच पाचोळ्यात टिकतात. तिथं कोळ्यांसाठी पाचोळा ठेवा म्हणणारा शेतकऱ्याचा शत्रू. उसाचं उलट आहे. पाचट पेटवण्याचं कुठलंच कारण पटण्यासारखं नाही. सऱ्यांत पसरून टनामागं आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं कल्चर टाकलं की पावसाळ्यापर्यंत त्याचं खत होतं, आणि दरम्यान त्याखालच्या ओलीत पापुद्रे धरणाऱ्यांना हवी ती जागा मिळते. पाचटाची लांब पाती वळून नळी होते, त्या नळीच्या तोंडाशी बघावं.

आणि बघून झालं की उचललेलं पान परत ठेवायचं असतं. कसंही टाकायचं नाही. जी बाजू ओली, काळपट, ती खाली. जी फिकट, कोरडी, ती वर. खळग्यावर दाबून बसवायचं नाही, एका कडेवर टेकवायचं, म्हणजे आत बोटभर पोकळी राहते. काठाचे सगळे धागे तुटले नसतील तर कोळी त्याच खळग्यात राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच जागी बसलं तर पापुद्र्याच्या एका बाजूला ठिगळ दिसतं, बाकीच्यापेक्षा जरा पांढरं, कारण त्यावर अजून धूळ बसलेली नसते.